ऐन जोरात असताना गाडी मागून धरल्यासारखी का होते? टर्बो इंजिनातला फ्युएल कट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज रबाळे एमआयडीसीत आहे. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेली गाडी आली की तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते: "ठाणे-बेलापूर रोडवर जरा दाबली की झटका मारते, पाय सोडला की पुन्हा नीट." फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसायला लागला, म्हणून हे लिहून ठेवलं. प्रश्नांचा क्रम गिऱ्हाइकं विचारतात तसाच ठेवलाय, पुस्तकातला नाही.

फ्युएल कट म्हणजे नक्की काय?

इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. हवा आत जातेय, प्लग ठिणगी टाकतोय, पण जाळायला पेट्रोलच नाही. जोरात असताना हे काही क्षणच चालतं, पण चालवणाऱ्याला कोणीतरी हँडब्रेक ओढल्यासारखं वाटतं.

याची तीन रूपं आहेत आणि त्यातलं एक तरी तुम्ही रोज अनुभवता. आरपीएमचा काटा लाल रेषेला भिडला की ईसीयू इंधन तोडतो, ते पहिलं. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडला की तोडतो, ते दुसरं. बोरघाट उतरताना डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा एकदम टोकाला जाऊन बसतो आणि नवशिका मालक खूश होतो, ती याचीच करामत. तिसरं रूप म्हणजे बूस्ट कट (बूस्ट म्हणजे टर्बोने भरलेला जादा दाब): टर्बोने मर्यादेपेक्षा जास्त हवा कोंबली की ईसीयू इंधन बंद करून टाकतो. एवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देता येईल आणि ठिणगीची वेळ सांभाळता येईल, याची त्याला खात्री उरत नाही. तसंच चालू दिलं तर इंजिन नॉक करतं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटतं, आणि पिस्टन फुटतात.

आम्ही पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगतो की फ्युएल कट हा बिघाड नाही, तो वॉचमन आहे. त्याने शिट्टी का वाजवली ते शोधायचं. वॉचमनला कामावरून काढायचं नाही.

झटका म्हणजे फ्युएल कटच, की गाडी मिसिंग मारतेय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. झटक्याची जात ओळखायला शिका.

बूस्ट कटचा झटका एकदम आणि पूर्ण असतो. गाडी झकास ओढत असते, नेहमीपेक्षा थोडी जास्तच ओढतेय असं वाटतं, आणि अचानक भिंत. पाय उचलला की सगळं नीट. पुन्हा दाबली की साधारण त्याच जागी पुन्हा भिंत. "आज गाडी मस्त उचलतेय" असं वाटल्यावर लगेच झटका आला, तर बूस्ट वाढतोय हे जवळजवळ नक्की समजा.

मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं, तुटक असतं: टक-टक-टक, लंगडल्यासारखं. टर्बो पेट्रोलमध्ये ते बहुतेक वेळा दोन-अडीच हजार आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर येतं, कारण तिथे सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो आणि अशक्त ठिणगी त्या दाबात विझते. प्लग झिजून त्याच्या दोन टोकांमधली गॅप वाढली की हे हमखास होतं. टर्बो इंजिनांत गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. कुणी बिनटर्बो गाडीच्या हिशोबाने १.१ करून दिली असेल तर दुखणं त्यानेच आणलंय. सोबत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ते मिसिंगच. अशा वेळी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं.

इंधन कमी पडत असेल तर झटका नसतो, गाडी हळूहळू दम टाकते. आरपीएम वर जाईल तसा जोर ओसरतो. टाकीत पेट्रोल तळाला असताना किंवा गाडी तापल्यावर जास्त जाणवतं.

एक चौथा प्रकारही आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पावसाळ्यात माजिवड्याच्या किंवा कोपरीच्या पुलावरचा लोखंडी सांधा ओलांडताना दाबली की चाक घसरतं, ट्रॅक्शन कंट्रोल जोर तोडतो आणि माणूस टर्बोला शिव्या घालत आमच्याकडे येतो. झटक्याच्या क्षणी घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा चमकला का, तेवढं बघा. चमकला असेल तर टायर तपासा आणि घरी जा.

मग "लिम्प मोड" म्हणतात तो काय?

झटका येऊन गेल्यावरही गाडी मेल्यासारखीच राहिली, पाय कितीही दाबला तरी उचलत नाही, आणि इग्निशन बंद-चालू केल्यावर पुन्हा ठीक झाली, तर तो लिम्प मोड. बऱ्याच नव्या गाड्या आता इंधन झटक्यात तोडण्याऐवजी थ्रॉटल मिटवून किंवा बूस्ट उतरवून सौम्यपणे आवरतात. आजार तोच असतो, फक्त लक्षण वेगळं दिसतं.

ईसीयूला कसं कळतं की हवा जास्त झाली?

सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर, आणि बऱ्याचदा टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पुढच्या पाइपावरही, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे मॅफ असतो, तो हवेचं वजन मोजतो. ईसीयूच्या डोक्यात तक्ता असतो: या आरपीएमला इतका दाब चालेल, याच्या वर नाही.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सेन्सर निरपेक्ष (अॅब्सोल्यूट) दाब मोजतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. आपण खाडीकाठची माणसं, आपल्याकडे वातावरणाचाच दाब १०० ते १०१ किलोपास्कल, म्हणजे साधारण १ बार. त्यामुळे स्कॅनरवर २०० दिसलं तर टर्बोने भरलेला बूस्ट १ बार, जुन्या मापात १४.५ पीएसआय. डॅशबोर्डवर चिकटवलेलं बूस्ट गेज मात्र शून्यापासून मोजतं. या दोन आकड्यांची गल्लत करून "माझी गाडी दोन बार बूस्ट करते" म्हणणारे महिन्याला एक-दोन तरी भेटतात.

याच माहितीतून एक फुकटची चाचणी मिळते. इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि स्कॅनरवर मॅपचा आकडा बघा. ठाण्यात, वाशीत, पनवेलला तो १०० च्या आसपास हवा, पावसाळ्यात जरासा खाली. ११५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय, आणि ईसीयू त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून इंधन तोडतोय. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही सगळ्यात आधी हेच करतो.

बूस्ट वाढतो तो कशामुळे?

टर्बोचं चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतं. ते बेलगाम होऊ नये म्हणून वायूला बाजूने पळवाट दिलेली असते, ती वेस्टगेट. बूस्ट ठरलेल्या आकड्याला पोचला की वेस्टगेट उघडून जास्तीचा वायू चाकाला वळसा घालून निघून जातो. वेस्टगेट वेळेवर उघडलं नाही की बूस्ट वाढत जातो आणि वॉचमन शिट्टी मारतो.

ते का उघडत नाही? आमच्या अनुभवात पहिला संशय त्या करंगळीहून बारीक रबरी होजवर. अनेक गाड्यांत वेस्टगेट दाबावर चालतं: टर्बोकडून निघालेली बारीक नळी अ‍ॅक्च्युएटरच्या डब्यात जाते, तिथला दाब पडद्याला ढकलतो, दांडा सरकतो आणि झडप उघडते. ही नळी चिरली, निसटली किंवा तेलाने फुगून सैल झाली की अ‍ॅक्च्युएटरला निरोपच पोचत नाही आणि झडप मिटलेली राहते. म्हणजे गळती असूनही बूस्ट वाढतो. लोकांना हे उलटं वाटतं. इंटरकूलरचा जाड पाइप फाटला तर बूस्ट कमी होतो, निरोपाची बारीक नळी फाटली तर जास्त.

पण सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. काहींत अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो आणि व्हॅक्यूम असेल तेव्हाच झडप मिटते. तिथे नळी तुटली की गाडी नुसती मंद होते. नव्या पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रिक मोटरच दांडा हलवते, तिथे नळीच नसते. तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

नळीनंतर येतो बूस्ट सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप. ईसीयू त्याच्या मार्फत अ‍ॅक्च्युएटरला जाणारा दाब कमी-जास्त करतो. तो घाणीने अडकला की दाब वाटेतच सुटून जातो. त्यानंतर फाटलेला पडदा, गंजून घट्ट झालेला दांडा, आणि क्वचित काजळीने जाम झालेली खुद्द झडप.

अ‍ॅक्च्युएटर तपासायला गेज असलेला हातपंप लावतात. साधारण अर्धा ते एक बार दाब दिला की दांडा सरकायला हवा आणि दाब टिकायला हवा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्याच्या टाकीत सात-आठ बार असतात आणि पडदा तिथेच फाटतो. हा प्रयोग करून आलेली माणसं आम्ही पाहिलीत.

उंदरांचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पोडियम आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये बॉनेटखालची ऊब उंदरांना आवडते, रबर त्याहून जास्त.

खारघरहून एक टर्बो पेट्रोल गाडी आली होती. आमच्या आधी दोन ठिकाणी फिरून आलेली. एका गॅरेजने फ्युएल पंप बदलला, दुसऱ्याने चारही कॉइल. झटका जागच्या जागी. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आम्ही लॉग काढला तर बूस्ट मागणीच्या पुढे पळत होता. गाडी लिफ्टवर घेऊन टर्बोखाली टॉर्च मारली, तर अ‍ॅक्च्युएटरच्या नळीला नखाएवढी चीर, बाजूला दाताच्या खुणा, आणि इंजिनाच्या गार्डवर शेंगदाण्यांची टरफलं. नळी काही शे रुपयांची. आधीच्या दोन बिलांचा आकडा सांगताना मालकाचा आवाज खाली गेला होता.

उपाय लोक आपापले करतात: डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, बॉनेटखाली दिवा. आमच्या मते गाडी रोज चालवणं आणि पार्किंगमधला कचऱ्याचा डबा लांब ठेवायला सोसायटीला भाग पाडणं, हे जास्त लागू पडतं. दुसरं काम गाडी दुरुस्त करण्यापेक्षा अवघड आहे, मान्य.

घरी स्कॅनरवर मी काय बघू?

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा) आणि मोबाइल अ‍ॅप पुरतं, पण ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून थांबू नका. लॉग काढा, म्हणजे चालत्या गाडीचे आकडे ओळीने नोंदवा. आरपीएम, मॅपचा प्रत्यक्ष दाब, ईसीयूने मागितलेला दाब, वेस्टगेटची ड्युटी (बूस्ट चढवायला ईसीयू सोलेनॉइडला टक्क्यांत देतो तो हुकूम), थ्रॉटल, आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब. स्वस्त अ‍ॅपवर मागितलेला दाब आणि ड्युटी दिसत नाहीत, त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर लागतं. बरेच आकडे एकदम घेतले की नोंदीचा वेग मंदावतो आणि झटका दोन नोंदींच्या मधून निसटतो. चार-पाचच घ्या.

समजा ईसीयू १९० मागतोय. प्रत्यक्ष दाब १९०, २००, २१५, २२८ असा चढत गेला, ड्युटी खाली खाली आली आणि मग इंधन तुटलं. म्हणजे ईसीयू लगाम खेचतोय पण घोडा ऐकत नाही. नळी, सोलेनॉइड, अ‍ॅक्च्युएटर, झडप, याच क्रमाने बघा.

समजा दाब १९० वर शांत होता आणि एका नोंदीत एकदम २५५ होऊन पुढच्याच नोंदीत पुन्हा १९०. खरी हवा अशी उडी मारत नाही, पाइपात दाब चढायला वेळ लागतो. ही उडी वायरची आहे. सैल कनेक्टर, घासलेली वायर किंवा मरायला टेकलेला सेन्सर. टर्बोला हात लावू नका.

समजा मागणी १९०, ड्युटी टोकाला, आणि दाब १५० वरच अडकलाय. मग ओव्हरबूस्ट नाहीच, गळती शोधा: फाटलेला इंटरकूलर पाइप, सैल क्लॅम्प, पूर्ण न मिटणारी वेस्टगेट. स्मोक टेस्ट केली की धूर कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं.

आणि दाब बरोबर मागणीएवढा, पण झटक्याच्या आधी रेलमधला दाब कोसळलाय? तेव्हा इंधनाच्या बाजूला वळा.

लॉग काढताना गाडी चालवणारा एक आणि मोबाइल बघणारा दुसरा हवा, हे आमच्याकडे सक्तीचं आहे. जागाही विचार करून निवडा. पाम बीच रोड मोकळा दिसतो म्हणून लोक तिथे जातात, आणि तिथले अपघात कुणाला सांगायला नकोत. घोडबंदरला रात्री ट्रेलरच्या रांगा असतात. तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत राहून, चढावर पाय दाबला की टर्बोवर पुरेसा भार येतो, वेग लागत नाही. ज्याला तेही नको, त्याने डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवायच्या यंत्रावर, घेऊन जावं.

कोणते कोड महत्त्वाचे?

पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्ट, पी०२९९ म्हणजे अंडरबूस्ट. पी०२३६ आणि पी०१०६ दाबाच्या सेन्सरचं वाचन पटत नाही म्हणतात. पी०२४३ वेस्टगेट सोलेनॉइडच्या सर्किटचा. पी००८७ म्हणजे रेलमधला दाब फार कमी. पी०३०० आणि त्याचे भाऊबंद मिसिंगचे.

कोड म्हणजे भाग बदलायची चिठ्ठी नव्हे. पी०२३४ आला म्हणून टर्बो बदलणारे आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कोडच नाही, गाडी ठीक आहे. मग?

त्यांचं म्हणणं खोटं असेलच असं नाही. काही गाड्यांत घटना एकदा घडली तर कोड प्रलंबित यादीत जातो, दिवा लागत नाही, आणि पुढच्या फेऱ्यांत तसं घडलं नाही तर पुसलाही जातो. प्रलंबित कोड वेगळे वाचावे लागतात. शिवाय काही ईसीयू एका मर्यादेपर्यंतच्या बूस्ट कटची नोंदच करत नाहीत.

कोड सापडला तर पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्या. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, भार, तापमान, वेग त्यात असतात. आधी कोड पुसून मग "बघू या पुन्हा येतो का" म्हणणारा मेकॅनिक म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुणारा हवालदार.

हिवाळ्यात सकाळीच का होतं? दुपारी ठणठणीत असते.

थंड हवा दाट असते. दुपारच्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा पहाटेची १५ अंशांची हवा तेवढ्याच दाबाला सुमारे ७ टक्के जड. मॅफवर चालणाऱ्या गाडीत ईसीयू हवेचं वजन मोजतो, त्यामुळे मर्यादा लवकर गाठली जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे येऊरच्या पायथ्याला किंवा खारघरच्या टेकडीखाली हवा बऱ्यापैकी गार असते, तेव्हा काठावर असलेली गाडी काठ ओलांडते. म्हणजे वेस्टगेटची कुरबुर आधीपासून होती, थंडीने ती उघडकीला आणली.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं. इनटेकची हवा तापली की ईसीयू स्वतःहून बूस्ट आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. मे महिन्यात अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभं राहून सुटल्यावर गाडी मठ्ठ वाटते, ते यामुळे. तो फ्युएल कट नाही.

घाटात गेल्यावर जास्त का जाणवतं?

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे, तिथे वातावरणाचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास. मॅनिफोल्डमध्ये २०० हवे असतील तर ठाण्यात टर्बोला हवा १.९८ पट दाबावी लागते, लोणावळ्याला २.१३ पट. म्हणजे चाक जास्त वेगाने फिरवावं लागतं. त्यात खोपोलीच्या पुढचा चढ लांब, पाय सतत दाबलेला, टर्बो सतत भरलेला. शहरात जो झटका कधीमधी येतो तो तिथे लागोपाठ येतो. कसाऱ्याच्या आणि माळशेजच्या वाटेवरही तेच. चढावर ट्रकच्या बाजूने ओव्हरटेक घेताना मध्येच इंधन तुटणं जिवावर बेतू शकतं. झटका चालू झालेल्या गाडीने घाट करू नका, एवढं आमचं ऐका.

टर्बोचा दोष नसेल आणि इंधनच कमी पडत असेल तर?

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत दोन पंप असतात. टाकीतला पंप साधारण ४ ते ६ बारने पेट्रोल पुढे पाठवतो, आणि इंजिनावरचा कॅमने चालणारा पंप ते दीडशे-दोनशे बारपर्यंत चढवतो. टाकीतला दमला की पुढचा उपाशी राहतो, आणि दोष मात्र महागड्या पुढच्या पंपाच्या माथी मारला जातो. आधी खालच्या बाजूचा दाब मोजा. फिल्टर, टाकीतली जाळी, पंपाच्या कनेक्टरची जळकी पिन, ही स्वस्त कारणं आधी संपवा.

टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवून फिरणाऱ्यांना वेगळं सांगणं: टाकीतल्या पंपाला थंडावा त्याच पेट्रोलचा मिळतो.

ई-२० पेट्रोलमुळे होतं का?

थेट नाही. पण ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, इथेनॉलच्या एका भागाला ९. उलटून बघितलं तर तेवढ्याच हवेसाठी ई-२० जास्त ओतावं लागतं. कंपनीच्या सेटिंगवर, ई-२० साठी बनलेल्या गाडीत ईसीयू हे सांभाळून घेतो. अडचण येते ती जुन्या किंवा रीमॅप केलेल्या (जास्त जोरासाठी ईसीयूची सेटिंग बदललेल्या) गाड्यांत, जिथे पंप आणि इंजेक्टर आधीच टोकाला चालतायत. काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी तांब्याभर पाणी मावत नाही, तसं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि सीलना इथेनॉल मानवत नाही.

डिझेल गाडीतही फ्युएल कट येतो का?

येतो, पण बहुधा लिम्प मोडच्या रूपात. बऱ्याच डिझेल टर्बोंत वेस्टगेटऐवजी फिरती पाती असतात. बांद्र्याला ऑफिस, ठाण्याला घर आणि रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं, असं आयुष्य असलेल्या गाडीत पात्यांवर काजळी बसते, पाती मिटलेल्या अवस्थेत अडकतात आणि मोकळ्या रस्त्यावर दाबली की ओव्हरबूस्ट. कळंबोलीहून एक्स्प्रेस वे लागला की पाच मिनिटांत दिवा, ही तक्रार म्हणूनच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही असतो, तो तुंबला तर गाडी उलट मंद होते. काजळी साफ करता येते. टर्बो बदला असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याकडून दुसऱ्याचं मत घ्या.

रीमॅप आणि डाउनपाइप केल्यावर सुरू झालं. ट्यूनरची चूक?

कधी ट्यूनरची, कधी भूमितीची. कंपनीने वेस्टगेटचं भोक मूळ सायलेन्सरच्या अडथळ्याचा हिशोब करून ठरवलेलं असतं. मोठा डाउनपाइप (टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) लावला, अडथळा कमी झाला, चाकाकडे जास्त वायू वाहू लागला आणि पूर्ण उघडलेलं वेस्टगेटही पुरेना. मग आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू वर सरकत राहतो, त्याला क्रीप म्हणतात. कुठलंही सॉफ्टवेअर तो थांबवू शकत नाही, कारण झडप आधीच सताड उघडी आहे. याउलट बूस्ट चढताना एकदा उसळून लगेच खाली बसत असेल तर तो स्पाइक, आणि तो ट्यूनिंगने सुटतो. दोन्हींत फरक करायला लॉगच लागतो.

कायद्याचंही बोलून टाकतो. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर नाहीच. वॉरंटी आणि विमा हे तुम्ही आणि तुमचं नशीब.

फ्युएल कट डिफेंडर बसवून द्याल का?

नाही.

कारण विचारलंत तर सांगतो. ते छोटं सर्किट मॅप सेन्सरच्या वायरमध्ये बसतं आणि दाब कितीही वाढला तरी ईसीयूला ठरावीक आकड्याच्या वर काही सांगत नाही. आत खरा दाब २५०, ईसीयूला सांगितलं २२०. जिथे इंधनाचा हिशोब याच सेन्सरवर चालतो तिथे ईसीयू २२० च्या हिशोबाने पेट्रोल देतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, मिश्रण कोरडं, तापमान वर, नॉक सुरू. पहिल्यांदा पिस्टनची रिंगजवळची कड तुटते, मग निळा धूर, मग इंजिन उघडून टेबलावर. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की घरात चोरच राहतो. जुन्या जपानी टर्बो गाड्यांत ही युक्ती खूप चालायची, आणि तेव्हाही शहाणे लोक सोबत मोठे इंजेक्टर आणि नवं ट्यूनिंग करत.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

कनेक्टर. खाडीची खारी हवा आणि चार महिने दमटपणा, यात पिनांवर हिरवट थर चढतो. ऐरोलीची एक गाडी दोन वर्षं फक्त जुलैत झटके द्यायची. मॅप सेन्सरच्या कनेक्टरचं रबरी सील कुणीतरी सर्व्हिसिंगला हरवलं होतं, बाकी काही नाही. सीलची किंमत चहाएवढी. भिजून लगदा झालेला एअर फिल्टरही बघा, पण त्याने बूस्ट कमी होतो, जास्त नाही.

झटका येतोय, तरी गाडी चालवत घरी नेली तर चालेल?

पाय हलका ठेवून, बूस्ट न चढवता, चालेल. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, खडखडाट किंवा निळा धूर असेल तर नाही, टो करा. इग्निशन बंद-चालू करून रोज लिम्प मोड घालवत महिनाभर फिरणारे असतात. त्यांचं बिल नेहमी मोठं येतं.

गॅरेजला येताना काय सांगू?

"झटका मारते" एवढ्याने आमचं काम होत नाही. कुठला गिअर, किती आरपीएम, चढ की सपाट, इंजिन गार की गरम, टाकीत किती पेट्रोल, एसी चालू होता का, कुठला दिवा लागला. शेवटचं सर्व्हिसिंग कधी आणि त्यात काय काय उघडलं होतं, हे तर नक्कीच: सर्व्हिसिंगनंतर आठवड्याभरात सुरू झालेला झटका बहुधा कुणीतरी नीट न बसवलेल्या नळीचा असतो. शक्य असेल तर शेजारी बसलेल्या माणसाकडून डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून आणा. आणि येण्याच्या आदल्या रात्री इंजिन प्रेशरने धुऊन चकाचक करू नका. तेलाचा ओघळ आणि उंदराच्या लेंड्या, आम्हाला दोन्ही जागेवर बघायच्या असतात.